अळीचे केस

माझ्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण लोक पहिल्याच नजरेत ते पाहतात आणि मग उरलेला सगळा वेळ आपण पाहिलेच नाहीत असं दाखवण्यात घालवतात. त्यापेक्षा एकदाचं उरकलेलं बरं. लहानपणी मला देवी आल्या, मी वाचले, वण राहिले. माझी स्वतःची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. तक्रार आईची होती, आणि आईच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्या नात्यागोत्याची.

तेव्हा मी मारेगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. मुलगी नागपूरला जाऊन बी.एस्सी. झाली म्हणून बाबांची मान ताठ, आणि बी.एस्सी. होऊनही बिनलग्नाची घरीच राहिली म्हणून आईची मान खाली. घरात दोन माना दोन दिशांना, मध्ये मी. घरची कापसाची शेती होती, खाण्यापिण्याची ददात नव्हती. त्यामुळे सगळ्यांना माझी काळजी करायला भरपूर वेळ होता.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमाराला शाळेत एक पितळी सूक्ष्मदर्शक येऊन पडला. मंजूर केला जुन्या राज्यानं, पोचला नव्या राज्यात. तो नक्की कोणाचा, आणि उद्या कोणी परत मागितला तर, या धास्तीनं हेडमास्तरांनी तो कपाटात कोंडला. गावात त्याला ‘दुर्बीण’ म्हणत. दसऱ्याला तेवढी ही दुर्बीण बाहेर निघायची, तिची शस्त्रपूजा व्हायची, आणि हेडमास्तर नेमकं डोळा लावायच्या भिंगावरच हळदकुंकू लावायचे. यंत्राला टिळा लावायचा तर तो डोळ्याजवळच, असा त्यांचा हिशोब. ते कुंकू भिंगाच्या कडेत असं जाऊन बसायचं की दिवाळी उलटली तरी मुलांना कांद्याची साल गुलाबी दिसायची. परीक्षेत त्यांनी तसंच लिहिलं. मी पूर्ण गुण दिले, कारण त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं होतं. हेडमास्तरांशी त्यावरून माझं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातून सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. भांडण करून काही मिळत नाही असं म्हणणारे लोक नीट भांडत नसावेत.

त्या वर्षी कापसावर शेंदरी बोंडअळी फार होती. नागपूरहून एक शेतकी प्राध्यापक गावोगाव फिरत होते, ते आमच्या शाळेत भाषण द्यायला आले. भाषण संपल्यावर मी त्यांना माझी चित्रं दाखवली. सूक्ष्मदर्शकातून पाहून मी अळी काढली होती, तिचं डोकं, पाय, आणि पाठीवरचे बारीक केस. कोणती अळी कोणती हे त्या केसांच्या जागेवरून ओळखतात. प्राध्यापकांनी चित्रं बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “हात चांगला आहे. पण चित्रात माणसाचं मत उतरतं. मला मत नको, अळी पाहिजे. फोटो काढता येतील?”

सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचं यंत्र मी नागपूरलाही लांबूनच पाहिलं होतं. मी म्हटलं, “येतील.”

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची एक जागा होणार आहे. त्यांना एक मालिका हवी होती: आधी आख्खं बोंड, मग त्यातली सरकी, मग अळीनं एकमेकींना चिकटवलेल्या दोन सरक्या, मग अळी, आणि शेवटी अळीच्या पाठीवरचे केस. हातात मावणाऱ्या वस्तूपासून डोळ्याला न दिसणाऱ्या वस्तूपर्यंत, पायरी पायरीनं खाली उतरत जाणारी. ती साधली तर जागा माझी. अर्जासोबत स्वतःचाही एक फोटो जोडायचा होता.

घरी हे सांगितल्यावर आईनं कपाळाला हात लावला. बाबांनी मात्र सुपारी कातरता कातरता निवाडा दिला. “शिमग्यापर्यंत नागपूरचं पत्र आलं तं जाय. नाही आलं तं तुही आई म्हणन त्या पोराशी लगन कर. मंग कुरकुर नाही पाह्यजे.”

मी कबूल झाले. मला त्या प्रयोगशाळेत जायचंच होतं. इतकं की रात्री डोळे मिटले तरी पितळी नळ्यांची रांग दिसायची. लग्नाला माझा विरोध नव्हता. पण मुलगी पाहायला येणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यावर माझ्या चेहऱ्याचा हिशोब चाललेला पाहायचा मला वीट आला होता.

आता कॅमेरा. गावात कॅमेरा एकच, शाळेसमोरच्या फोटो स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक मोठी उत्तरेची खिडकी, आणि मागे एक रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याच्या पायऱ्या, तळं आणि दोन हंस. त्याच्या मालकाला सगळं गाव ‘फोटोवाले काका’ म्हणायचं. पंचक्रोशीतला प्रत्येक नवरदेव त्या पायऱ्यांवर उभा राहिलेला होता. काकांचा कॅमेरा लाकडी, भात्याचा, तीन पायांवर उभा. फोटो काचेवर उतरायचा.

पण काकांची खरी कीर्ती कॅमेऱ्याची नव्हे, पेन्सिलीची. काचेवर सगळं उलटं उमटतं. चेहऱ्यावरचा काळा डाग काचेवर पांढरा, आरपार दिसणारा ठिपका असतो. काका त्या काचेला एक चिकट रोगण लावायचे, ती खिडकीसमोर धरायचे आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं तो ठिपका भरून टाकायचे. छापलेल्या फोटोत डाग गायब. सुरकुत्या, खरूज, चामखीळ, काहीही. मयताचा फोटो काढला तर काका मिटलेले डोळेसुद्धा उघडे करून द्यायचे. “माह्या स्टुडिओतून कुरूप माणूस बाहेर नाही पडत,” हे त्यांचं ब्रीद होतं, आणि ते खरंही होतं. कुरूप माणूस आतच काचेवर राहायचा.

त्यांच्या टेबलामागे भिंतीवर त्यांच्या बायकोची तसबीर होती. काकू दोन-तीन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. फोटोत त्यांचा चेहरा संगमरवरी मूर्तीसारखा गुळगुळीत होता, आणि गावात कोणालाही तो काकूंचा वाटत नसे. काकांच्या सासूबाई एकदा आल्या तेव्हा तसबिरीला नमस्कार करून म्हणाल्या होत्या, “हे कोण बाई होय?” काका हा किस्सा स्वतःच हसत सांगायचे. पुढे हेही सांगायचे की तो फोटो काढला तेव्हा काकू जिवंत होत्या आणि नाकाशेजारचा तीळ गेलेला पाहून त्यांनी अबोला धरला होता. “मले म्हणे, तीळ माहा होता, तुमचा नव्हता. पुसाच्या आधी विचाराचं तं होतं!” एवढं बोलून काका मोठ्यानं हसायचे आणि मग उगाच कॅमेऱ्याचं काळं फडकं झटकत बसायचे.

मी त्यांना अळीचा फोटो काढायचा म्हटल्यावर त्यांनी आधी मला, मग डबीतल्या अळीला पाहिलं.

“बाई, एवढीशी हाय. पायऱ्याईवर उभी केली तं दिसन का?”

पायऱ्या नकोत हे पटवण्यात माझी पहिली दुपार गेली. तरी त्यांनी आख्ख्या बोंडाचा पहिला फोटो माझ्या नकळत पडद्यासमोरच काढला. राजवाड्याच्या पायऱ्यांवर एक कापसाचं बोंड, बाजूला हंस. बोंडाला नुसतं मुंडावळ्या बांधायचं राहिलं होतं. मी तो फोटो फाडला तेव्हा काका खरोखर दुखावले. म्हणाले, “मोकळ्या भिंतीपुढं आम्ही फक्त चोराचा फोटो काढतो, पोलिसासाठी.”

“अळी चोरच आहे, काका.”

हे त्यांना पटलं. मागे पांढरी चादर आली.

बोंड आणि सरकीपर्यंत कॅमेऱ्याचं भिंग पुरलं. भाता जितका लांब ओढता येईल तितका ओढला, पुढे वनस्पती तुपाच्या डब्याची नळी जोडली, आणि सरकी जांभळाएवढी झाली. त्याच्या पुढे उतरायचं तर सूक्ष्मदर्शक हवा. तो टेबलावर ठेवला, कॅमेऱ्याचं भिंग काढलं, तोंड खाली करून कॅमेरा त्याच्या वर टांगला, दोघांच्या मधली फट जुन्या छत्रीच्या काळ्या कापडानं बांधून काढली, आणि खिडकीतलं ऊन आरशानं खालून आत सोडलं. सगळा प्रकार दोरीनं बांधलेल्या तिरडीसारखा दिसत होता. पण काकांनी मागच्या घासलेल्या काचेवर पाहिलं आणि ओरडले, “अबाबाबा! हे तं रानडुक्कर होय!”

घासलेल्या काचेवरचं ते चित्र पाहायला डोक्यावर काळं फडकं घ्यावं लागतं. एकदा काका फडक्यात, एकदा मी फडक्यात, आणि घाईच्या वेळी दोघंही. त्याच दिवशी संध्याकाळी ही बातमी आमच्या घरी पोचली, तीही आम्ही नुसतं पाहिलं त्यापेक्षा बरीच मोठी होऊन. दुसऱ्या दिवसापासून आई जपमाळ घेऊन स्टुडिओत येऊन बसायला लागली.

आईचा उपयोग झाला तो असा. नवरदेवाच्या फोटोला काका तोंडानं आकडे मोजायचे, पण अळीला फार वेळ लागायचा आणि काका मध्येच बोलायला लागून आकडा विसरायचे. तेव्हा मी आईच्या माळेवर वेळ बसवली. काच उघडली की आई जप सुरू करायची, अर्धी माळ झाली की मी काच बंद करायची. फोटो उत्तम यायला लागले. फक्त आईला कशाचा राग आला की मणी भराभर सरकायचे आणि त्या दिवशीचे फोटो अंधारे यायचे. एकदा मी सकाळी तिच्याशी लग्नावरून वाद घातला आणि दिवसभराच्या काचा वाया गेल्या. तेव्हापासून फोटोच्या दिवशी मी आईशी गोड बोलायची. विज्ञानासाठी माणसानं काय काय सोसावं!

पण सगळं जुळलं तरी चित्र थरथरायचं. कारण गावाबाहेरचं, कापसातून सरकी काढायचं जिन. कापसाचा हंगाम, इंजिन दिवसभर चालू, आणि जमीन त्याच्यासोबत हलणारी. एरवी ते कोणाला जाणवायचं नाही, पण सूक्ष्मदर्शक जशी अळी मोठी करतो तशी थरथरही मोठी करतो. बाजाराच्या दिवशी जिन बंद असायचं, पण त्या दिवशी स्टुडिओत गिऱ्हाइकं. शेवटी मी घरून सरकीची दोन पोती आणवली, त्यांवर जात्याची तळी ठेवली आणि सगळी तिरडी त्या तळीवर उभी केली. पोत्यांनी थरथर गिळून टाकली. एवढंच नव्हे, थंडीत पोत्यांना स्टुडिओतली ऊब लागली आणि सरकीत झोपलेल्या अळ्या बाहेर यायला लागल्या. अळीचा फोटो काढण्याच्या यंत्राखालूनच अळ्या निघत होत्या. मला आणखी काय हवं होतं!

जिवंत अळी स्थिर बसेना म्हणून मी तिला स्पिरिटमध्ये बुडवलं. काका गंभीर झाले.

“मंजे मयताचा फोटो झाला.”

“झाला.”

“मंग हार नाही?”

आईनं मात्र अळीच्या नावानं एक माळ जास्तीची ओढली. जीव तो जीव, म्हणाली.

अखेर ती काच निघाली. ओल्या काचेवर मी स्वतः पाहिलं: पाठीवरचा एकेक केस, मुळाशी असलेल्या गोल खोबणीसकट, उलटा, पांढरा, स्वच्छ. मला आनंदानं रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्याच दिवशी अर्जासाठी काकांनी माझाही फोटो काढला. मग शाळेची परीक्षा आली, मी पेपर तपासण्यात बुडाले, आणि काका म्हणाले, “बाई, तुम्ही बिनघोर राहा. छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, मीच नागपूरले धाडतो. फिनिशिंगमंदी कसर नाही ठेवत.”

फिनिशिंग हा शब्द ऐकून मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. झाले नाही.

आईनं माझ्या त्याच फोटोची आणखी एक प्रत काकांकडून गुपचूप घेतली आणि महागावकडच्या एका स्थळाला पाठवली. तिकडूनही नवरदेवाचा फोटो आला होता: भरदार केस, मधोमध भांग, नजर दूर कुठेतरी. तिकडचा होकार फार लवकर आला. इतका लवकर आलेला होकार मला आयुष्यात पहिल्यांदाच दिसत होता, आणि आईला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

शिमगा तोंडावर आला असताना महागावचे पाहुणे आले. नवरदेव, त्याचे मामा, आणि दोन बायका. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, बशा ठेवल्या, समोर बसले. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि मग ते आतल्या दाराकडे पाहत राहिले. बायकाही दाराकडे पाहत होत्या. शेवटी मामा बाबांना म्हणाले, “मोठी पोरगी कामाची दिसते जी. आता धाकटीले बोलवा.”

बाबा म्हणाले, “धाकटी?”

“फोटोतली.”

आईच्या हातातली माळ थांबली. मला आधी कळेना, मग मामांनी खिशातून फोटो काढला आणि मी तो हातात घेतला. माझे डोळे, माझी वेणी, माझी साडी, आणि चेहरा मात्र कांद्याच्या आतल्या पाकळीसारखा नितळ. एक वण नाही. मी इतकी सुंदर कधीच नव्हते आणि इतका राग मला कधीच आला नव्हता.

मी तोंड उघडणार तेवढ्यात पोस्टमन आला. नागपूरचं कार्ड होतं. कार्ड म्हणजे गावजेवण, ज्याच्या हाती पडेल त्यानं वाचावं; ते पडलं दाराशी बसलेल्या मामांच्या हाती. त्यांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. अळी फार देखणी आहे, असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं, पण तिच्या अंगावर केस एकही नाही. शास्त्राला अशी अळी ठाऊक नाही. अर्जासोबतच्या फोटोबद्दलही शंका आहे, कारण मी तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलं आहे. ज्या हातानं तुमचा चेहरा पुसला त्याच हातानं अळीचे केस पुसले असावेत. मला जसं दिसलं तसं ठेवणारा माणूस हवा आहे. मूळ काच शाबूत असेल तर त्यावरून नवे फोटो लगेच पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.

मामांनी कार्ड खाली ठेवलं. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग फोटोकडे. उकाडा फार होता. नवरदेवानं घाम पुसायला डोक्यावरची टोपी काढली.

टोपीखाली काही नव्हतं. चकचकीत, उजेड परत फेकणारं डोकं. भरदार केसही नाहीत आणि मधोमध भांगही नाही.

आई ताडकन उठली. “आमच्या पोट्टीचे वण पाहून राह्यले का जी तुम्ही? आधी तुमच्या पोराचे केस कुठं गेले ते सांगा!”

मला तेव्हा असं वाटलं की सगळ्या जिल्ह्यात एकच पेन्सिल फिरते आहे, आणि माझ्या अळीचे केस पुसून तिनं ते या माणसाच्या डोक्यावर काढले आहेत. मी हसायला लागले. नवरदेवही हसायला लागला. माणूस चांगला होता बिचारा. त्या खोलीत मोकळेपणानं हसणारे आम्ही दोघंच होतो. पण मामांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि पाहुणे पान न खाताच गेले.

मी तशीच कार्ड घेऊन स्टुडिओत. आई माझ्या मागे. काका खिडकीशी बसून कोणाच्या तरी चेहऱ्यावरची चामखीळ बुजवत होते.

“काका, अळीचे केस काहून पुसले?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. माझा आवाज ऐकून पेन्सिल खाली ठेवली. “बाई, लय केसाळ होती ना ती. नागपूरले जाणार, मोठमोठे लोक पाहणार, मागं माह्या स्टुडिओचा शिक्का. मी म्हटलं जराशी सावरतो. तीन दिवस लागले मले. एकेक केस भरला.”

तीन दिवस! जे दाखवण्यासाठी मी थंडीभर आईशी गोड बोलत राहिले, ते या माणसानं तीन दिवस मान मोडून, प्रेमानं, एकेक करून नाहीसं केलं होतं. मी त्यांना कार्ड वाचून दाखवलं. ते ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

“मंजे तुमची जागा गेली?”

“काच खरवडली आहे, की नुसती पेन्सिल?”

“नुसती पेन्सिल. टर्पेंटाईननं पुसली तं निघून जाते. पण बाई, धुतलेली काच मंजे... आमच्या धंद्यात ते नापास झालेलं काम होय. मी आजवर चांगली भरलेली काच नाही धुतली.”

“धुवा.”

त्यांनी कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला. खोलीभर वास पसरला. अळीच्या पाठीवरून बोळा फिरला, पेन्सिलीचं काळं बोळ्याला लागत गेलं, आणि काच खिडकीसमोर धरली तेव्हा एकेक केस आपापल्या जागी परत उभा होता. मी आता रिकाम्या पडलेल्या जात्याच्या तळीवर बसले.

“आता माझी,” मी म्हटलं.

काकांनी काचेवर हात ठेवला, कोणी हिसकावून घेईल असा. “अळीचं ठीक हाय बाई. तुमची नोका. इतकी नाजूक मी कोणाचीच भरली नाही.” मग त्यांनी आईकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही तरी सांगा हिले.”

आई माझ्याकडे पाहत होती. फोटो तिनं पाठवला होता, नितळ चेहऱ्याची हौस तिची होती. मला वाटलं ती आता रडेल. ती म्हणाली, “हिले देवी आल्या होत्या तवा मी कडुनिंबाचा डहाळा घेऊन रातंदिवस बसलो होतो. शेजारच्या तीन घरातली लेकरं गेली. हे वाचली. वण घेऊनच वाचली. धुवा भाऊ.”

आई असं माझ्या चेहऱ्याबद्दल याआधी कधी बोलली नव्हती. मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि मी पडलेही. काकांनी काच धुतली. वण आले.

दोन्ही फोटो त्याच दिवशी छापले, पुठ्ठ्याविना, आणि पाकीट मी स्वतः टपालात टाकलं. होळीच्या गोवऱ्या रचल्या जात होत्या तेव्हा नागपूरचं उत्तर आलं: या. बाबांनी कार्ड दोनदा वाचलं, शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि आईला म्हणाले, “आता तूच कुरकुर नोको करू.” आईनं केलीच, पण पापड बांधून देता देता.

निघायच्या आदल्या दिवशी मी काकांचा निरोप घ्यायला गेले. स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. काका टेबलाशी बसले होते आणि त्यांच्या मागची तसबीर बदललेली होती. म्हणजे साडी तीच, चौकट तीच, हारही तोच. चेहरा मात्र दुसऱ्याच बाईचा होता. नाकाशेजारी टपोरा तीळ, डोळ्यांखाली काळं, कपाळाला आठी. फोटो काढायला उशीर लावला म्हणून वैतागलेली, आता काहीतरी बोलणारच अशी बाई. मी त्यांना ताबडतोब ओळखलं. लहानपणी बोरं चोरताना याच चेहऱ्यानं मला हाकललं होतं.

“काका, धुतली?”

“धुतली.” त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. “परवा सासू आलती. दारातच बसली आणि रडाले लागली. म्हणे, इतके दिवस माह्या पोरीले कुठं लपवून ठेवलं होतं?”

त्यांच्या पुढ्यात एका नवरदेवाची काच होती, गालावरचा डाग अजून भरायचा होता. पेन्सिलीचं टोक तासून तयार होतं.

“काम अडकलं बाई,” काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. “पेन्सिल उचलली का मागून पाहून राह्यते. म्हणते, पुसाच्या आधी विचारलं का त्याले?”